जन्मजात संशयित

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव 'पोलीस आणि समाज' असे छापले आहे. हे नाव इतके ऐसपैस आहे की हवालदारांच्या मोडक्या चाळींपासून चौकातल्या वाहतुकीच्या कोंडीपर्यंत काहीही त्यात मावेल. मी त्यातला एकच कोपरा निवडला आहे. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहून त्याच्यावर संशय घ्यायचा, ही जी रीत पोलिसी कामकाजात मुरली आहे, तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

फेब्रुवारी २०१५ मधली एक घटना आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. गुजरातमधील ५७ वर्षांचे एक गृहस्थ नातवाला सांभाळण्यासाठी अमेरिकेतील अलाबामा राज्यात मुलाकडे गेले होते. सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर पाय मोकळे करीत होते. कोणा शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की, एक काळा, सडपातळ माणूस घरे न्याहाळत फिरतो आहे. पोलीस आले. यांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना पकडून जमिनीवर असे आपटले की मानेला मार बसून शरीर लुळे पडले. पुढे खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्युरींचे एकमत झाले नाही आणि अखेर न्यायाधीशांनी त्या पोलिसाला दोषमुक्त केले. आपल्याकडे तेव्हा केवढा संताप उसळला! तो योग्यच होता. या सभागृहात बसलेल्या कितीतरी आईवडिलांची मुले, नातवंडे आज परदेशात आहेत. आपल्या कातडीच्या रंगावरून आपली पारख व्हावी, हे कोणाही स्वाभिमानी माणसाला सहन होणारे नाही.

मीही त्यावर एक जळजळीत स्फुट लिहिले होते. ते छापून आले त्या दिवशी सकाळी अंक चाळताना जिल्हा पानावरच्या एका मथळ्याशी मी थबकलो. मथळा होता, 'पारध्यांची टोळी जेरबंद'. चोरीचे आरोप असलेले चार तरुण, आणि मथळ्यात नाव मात्र अख्ख्या जमातीचे. याच चोरीत एखादा जोशी किंवा पाटील सापडला असता तर 'जोश्यांची टोळी' असे आम्ही छापले असते का? अलाबामातल्या त्या शेजाऱ्यात आणि आमच्या उपसंपादकात त्या सकाळी मला फारसे अंतर दिसेना.

या रोगाचे मूळ कागदोपत्री शोधायचे तर १८७१ सालापर्यंत मागे जावे लागते. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या इंग्रज सत्तेला या देशातल्या फिरत्या माणसाचे विलक्षण भय वाटत होते. ज्याला गाव नाही, शेत नाही, ज्याच्याकडून सारा वसूल होत नाही आणि जो आज इथे तर उद्या पन्नास कोसांवर असतो, त्याच्यावर राज्य करायचे तरी कसे? व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने या भयाला तर्कशास्त्राचा साज चढवला. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर; तेव्हा चोराचाही वंश असलाच पाहिजे, अशा आशयाची मांडणी त्या वेळी झाली. आपल्या समाजरचनेचे अर्धेकच्चे ज्ञान असे वापरले गेले. त्यातून 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' जन्माला आला. प्रारंभी तो उत्तरेत लागू झाला, १९११ च्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आले, आणि १९२४ साली सगळी कलमे एकत्र करून तो पक्का बांधण्यात आला.

त्यातल्या तरतुदी आज वाचल्या तरी अंगावर काटा येतो. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की त्या घोषणेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. जमातीतल्या माणसांची नावे नोंदवहीत चढत. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. हद्दीबाहेर जायचे तर पास हवा. विनापास सापडला तर गावच्या चौकीदारानेही त्याला वॉरंटाशिवाय पकडावे. १९११ नंतर बोटांचे ठसे आले. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांच्या मुलालाही आईवडिलांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. चार वर्षांचे मूल, बंधूंनो! त्याने कोणाचे घर फोडले होते?

काही वसाहती चालवण्याचे काम सरकारने मिशनऱ्यांच्या मुक्तिफौजेकडे सोपवले. बूथ-टकर हा तिचा म्होरक्या. देहाला कुंपण आणि मनाला पंथोपदेश अशी ती दुहेरी व्यवस्था होती. आपल्याकडे सोलापूरची वसाहत प्रसिद्ध आहे. तारेच्या कुंपणातली ती वस्ती. तिथली माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीला परत येत. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरच्या बोलीत आजही रुळलेला आहे.

आणि ही माणसे होती तरी कोण? यादी पाहिली की आपल्याच इतिहासाची पाने उलटतात. रामोशी आणि बेरड हे गडकोटांचे, गावांचे राखणदार. शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक याच समाजातले, असे परंपरा सांगते. १८१८ नंतर गडांवरची निशाणे उतरली, राखणदारीचे हक्क गेले आणि कालचा राखणदार बेकार झाला. पुरंदरच्या परिसरातून उमाजी नाईक उठले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर चढले. इंग्रजांच्या दप्तरात ते दरोडेखोर आहेत, आपण त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतो. दप्तर लिहिणारा कोण आहे, यावर किती अवलंबून असते पाहा! बंजारा समाज बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर पोहोचवीत होता. १८५३ नंतर लोहमार्ग पसरत गेले आणि तांड्यांचा व्यापार बुडाला. पारधी शिकारीवर जगत होते. १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारचे झाले, आणि उरलीसुरली शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर अपराध ठरली. वाघ-हरणांचे रक्षण व्हायलाच हवे, त्याविषयी वाद नाही. परंतु ज्याची पिढीजात भाकरी आपण कायद्याने काढून घेतली त्याच्या हाती दुसरे काय दिले, हे कोणी विचारले नाही.

१९०८ साली मुंबई इलाख्याचा पोलीस महानिरीक्षक मायकेल केनेडी याने इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर एक जाडजूड पुस्तक तयार केले. प्रत्येक जमातीचा पेहराव कसा, बोली कोणती, डेरा कुठे पडतो, चोरीची तऱ्हा कोणती, हे सारे प्राणिशास्त्राच्या ग्रंथात पक्ष्यांच्या जाती वर्णाव्यात तसे त्यात वर्णिले आहे. मेहनत वाखाणण्याजोगी आहे. दृष्टी मात्र शिकाऱ्याची आहे. पोलीस दलाच्या कित्येक पिढ्यांची नजर अशा पुस्तकांनी घडवली.

स्वातंत्र्य आले. मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा मोडीत काढला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभरातून गेला. म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. महाराष्ट्राच्या यादीत आज १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती आहेत. त्या विमुक्तांच्या यादीतल्या बंजारा समाजाचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत या राज्याचे मुख्यमंत्री होते. ज्यांच्या रक्तात गुन्हेगारी आहे असे सरकारी कागद म्हणत होता, त्यांच्यातल्या एकाने अकरा वर्षांहून अधिक काळ हे राज्य हाकले. स्टीफनच्या सिद्धांताला याहून चोख उत्तर शोधायला नको.

परंतु कायदा गेला तरी सवय गेली नाही. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठीचा कायदा आला. त्याचा रोख जमातीवर नसून वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीवर होता, आणि तत्त्वतः त्यात गैर काही नाही. प्रश्न तत्त्वाचा नव्हताच. जुन्या नोंदवह्यांतली नावे नव्या नोंदवह्यांत उतरली, हा होता.

पत्रकारितेच्या आरंभी सात-आठ वर्षे मी गुन्हेवार्ता पाहत होतो. त्यामुळे हे यंत्र कसे चालते ते जवळून पाहिले आहे. आडबाजूच्या वस्तीवर रात्री दरोडा पडतो. सकाळी आमदारांचा फोन येतो, दुपारी वरिष्ठांचा. आठवडाअखेरच्या बैठकीत उघडकीचे प्रमाण विचारले जाणार असते. ठाण्यात मनुष्यबळ अपुरे, हवालदार बंदोबस्तातून थकून आलेला. अशा वेळी तपासाची वाट कष्टाची आणि पालाची वाट सोपी असते. पहाटे गाडी पालावर जाते. पुरुष पळाले तर 'पळाले, म्हणजे दोषी', आणि सापडले तर 'सापडले'च. बायकांच्या अंगावर मणी-डोरले दिसले की पावती कुठे आहे, असा प्रश्न. आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात आजीच्या पाटल्यांची पावती आहे? मग जवळपासच्या दोन-तीन जिल्ह्यांतले न उलगडलेले गुन्हे एकेक करून त्यांच्या नावावर चढतात. ते सुटून येतात तोवर 'रेकॉर्डवरील गुन्हेगार' झालेले असतात आणि पुढच्या दरोड्याला पोलिसांची पावले त्याच पालाकडे वळतात. फौजदारी प्रक्रिया संहितेची १०९ आणि ११० ही प्रतिबंधक कलमे याच कामी येत. १ जुलै २०२४ पासून तिची जागा नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि तीच कलमे १२८ आणि १२९ या क्रमांकांनी पुढे आली. ठाणे अंमलदाराला क्रमांक तेवढे नव्याने पाठ करावे लागले.

आता सभागृहातल्या काही मंडळींच्या मनात काय चालले आहे याची मला कल्पना आहे. 'अहो, पण ते चोऱ्या करतातच ना?' हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. होय, काही करतात. अंगावर शहारे आणणारे दरोडे या महाराष्ट्राने पाहिले आहेत आणि त्यांतल्या बळींचे अश्रू कोणाच्याही अश्रूंइतकेच खारट आहेत. अशा गुन्हेगाराला कायद्याने मिळेल ती कठोरात कठोर शिक्षा व्हावी. पण त्याचे अपराध त्याच्या चुलतभावाच्या खात्यावर मांडण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? शिवाय एक हिशेबही ध्यानात घ्या. ज्या पालाची झडती दहा वेळा होते तिथे चार वेळा काही सापडेल. ज्या बंगल्याची कधीच होत नाही तिथे शून्य सापडेल. या चार आणि शून्यावरून आपण म्हणतो, बघा, आकडेच बोलतात!

मोठ्या प्रमाणावर केलेला असा एक प्रयोग न्यायालयात तपासला गेला आहे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी २००४ ते २०१२ या काळात रस्त्यात अडवून चौकशी करण्याचे सुमारे ४४ लाख प्रसंग नोंदवले. अडवलेल्यांत ८० टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी वंशाचे होते. त्यातल्या सुमारे ८८ टक्के प्रसंगांत पुढे ना अटक झाली, ना समन्स. अंगझडती घेतलेल्यांपैकी जेमतेम दीड टक्क्याजवळ शस्त्र निघाले. २०१३ साली तेथील न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. लक्षावधी निरपराध माणसांचा रस्त्यात अपमान करून हाती लागले ते एवढे. ज्या पोलिसाचा वेळ यात गेला तो खऱ्या चोराच्या मागे नव्हता. आणि ज्यांचा अपमान झाला त्यांच्यातला कोणी उद्या खबर द्यायला ठाण्याची पायरी चढेल काय? गुन्ह्याची उकल सरतेशेवटी कोणीतरी विश्वासाने दिलेल्या माहितीतूनच होते, हे कोणताही जुना जमादार सांगेल.

१९९८ हे वर्ष या विषयात विसरता येत नाही. फेब्रुवारीत बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात शबर जमातीचा बुधन नावाचा तरुण पोलीस कोठडीत मरण पावला. महाश्वेतादेवींनी ते प्रकरण धसास लावले आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या विधवेला भरपाई देवविली. त्याच वर्षी आपल्या बारामतीत एका पारध्याचा कोठडीतच मृत्यू झाला. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांची वैचारिक कुळी आपल्याहून निराळी आहे, हे आपण जाणतोच. परंतु त्या वेळी त्यांनी जे केले ते केले. त्याची नोंद मोकळ्या मनाने घेतली पाहिजे. गायकवाडांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

अलीकडे न्यायालयांनी या दुखण्यावर बोट ठेवले आहे. मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हिस्ट्रीशीटचा विषय स्वतःहून विस्तारला. केवळ मागास किंवा दुर्बल समाजात जन्मला म्हणून कोणाचे नाव त्या यादीत यांत्रिकपणे चढता कामा नये, असे बजावले आणि सर्व राज्यांना त्याकडे लक्ष देण्यास सांगितले. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांच्या नियमपुस्तिकांविषयीचा निकाल आला. जातीवरून कैद्यांना कामे वाटून देणारे आणि विमुक्त जमातींवर सराईतपणाचा शिक्का मारणारे नियम न्यायालयाने रद्द ठरवले. या जमातींतील लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही सांगितले. ती याचिका सुकन्या शांता या पत्रकार भगिनीची होती. आमच्या व्यवसायाची मान ताठ व्हावी असे प्रसंग हल्ली फार येत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

मात्र सगळे पाप इंग्रजांच्या आणि पोलिसांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. पोलीस काही आकाशातून पडत नाहीत, ते आपल्यातूनच भरती होतात. आपल्या घरात 'दार लाव, पारधी आलेत' हे ऐकत वाढलेला मुलगाच पुढे खाकी घालतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारे आले, अशी अफवा होती. मंगळवेढ्याकडची ती माणसे, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारी. ज्या नाथपंथाच्या नावाने आपण हात जोडतो त्याच पंथाचा झोळीवाला दारात आला तर तो आपल्याला ओळखू येत नाही. त्या दिवशी तेथे काठी उगारणारा हात पोलिसाचा नव्हता.

तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी येथे १९९३ साली गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी ती पाहिली असेल, म्हणून तपशिलात जात नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमची जीप आवारात शिरली आणि अंगणात खेळणारी धाकटी मुले क्षणात दिसेनाशी झाली. कोणी खोलीमागे, कोणी झाडामागे. मला वाटले, पाहुण्यांना लाजली असतील. नंतर समजले की गाडी दिसली की लपायचे, हे त्यांना पालावर असतानाच कळलेले असते. अक्षरओळख पुढे शाळेत होते. ही ओळख त्याआधीची.

आता माझ्या स्वतःच्या खात्यावरची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. साधारण १९९६ सालची. मी एका जिल्हा दैनिकात उमेदवारी करीत होतो. एका वस्तीवर दरोडा पडला, चौथ्या दिवशी पोलिसांची प्रेसनोट आली आणि मी तिच्यावरून बातमी केली. 'अट्टल' हा शब्द माझा होता, प्रेसनोटमध्ये तो नव्हता. जमातीचे नाव, चौघांची नावे, वये, सगळे छापले. पुढे सुमारे अडीच वर्षांनी न्यायालयाने चौघांनाही निर्दोष सोडले. मला त्याचा पत्ताही नव्हता. एके दुपारी त्यांच्यातला एक जण कार्यालयात आला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने माझ्या बातमीचे कात्रण काढले, घड्यांवर फाटलेले, आणि म्हणाला, "साहेब, पकडल्यालं छापलं, आता सुटल्यालंबी छापा की."

मी वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, सुटल्याच्या बातम्या कोण वाचतो, शिवाय जागा नाही. मी वाद घातला नाही. नोकरी नवी होती, हे एक कारण. मलाही ते तितकेसे महत्त्वाचे वाटले नाही, हे दुसरे आणि अधिक खरे. खाली येऊन त्याला सांगितले की जमणार नाही. तो उठला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, पोराला शाळेत घालायचे आहे आणि गावात राहायचे तर पोलीस पाटील हा कागद दाखवून हाकलतो. तर निदान या कागदावरच, बाजूच्या कोऱ्या जागेत, सुटला म्हणून लिहून द्या. मी लिहून दिले. 'सदर इसमाची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली आहे', खाली सही आणि तारीख. त्याने कागदाची काळजीपूर्वक घडी केली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पोलीस पाटलाने विचारले होते, याच्यावर गोल शिक्का कुठे आहे?